ओहायोचं टोपलं, धुळ्याची चौकशी

मी एक जुनं हेल्मेट आहे. मोटारसायकलचं नव्हे, साध्या सायकलचं. सध्या माझा मुक्काम धुळ्याला, चुडामण आबांच्या स्वयंपाकघरातल्या खुंटीवर, उलटा. माझ्या पोटात लसूण ठेवतात. अंगाला भोकं असल्यामुळे वारा खेळतो आणि लसूण कुजत नाही, अशी माझी गल्लीत ख्याती आहे. दोन शेजारणींनी तर हे टोपलं कोणत्या बाजारात मिळतं, म्हणून चौकशीही केली. मित्रांनो, माझा जन्म लसणासाठी झालेला नाही. पण ज्या कामासाठी झाला, ते इमानाने करत असताना माझ्यामुळे एक लग्न मोडता मोडता वाचलं. ते लक्षात घेता लसूण ही शिक्षा सौम्यच म्हणायची.

मी जन्मलो अमेरिकेतल्या एका कारखान्यात. नवा टीव्ही घरी येतो तेव्हा खोक्यात जे पांढरं, करकर वाजणारं थर्माकोल असतं, त्याच मुशीतला मी. टीव्हीऐवजी माणसाचं डोकं सांभाळायचं, एवढाच फरक. वरून निळं कापड, खाली हनुवटीला पट्टा. ओहायो राज्यातल्या एका दुकानात मी फळीवर बसलो होतो, तेव्हा लीलाधर आला. पिंपळनेरचा मुलगा. शेतकऱ्याच्या घरातून शिकून इंजिनिअर झालेला आणि तिथल्या पंपांच्या कंपनीत लागलेला. दुकानदाराने त्याला विचारलं, सायकल कुठे चालवणार, डोंगरात की शर्यतीत? लीलाधर म्हणाला, ऑफिसला जायला. दुकानदाराने तोच प्रश्न पुन्हा विचारला. त्याला वाटलं, पोराचं इंग्रजी कच्चं आहे.

आता तिथली रीत सांगितल्याशिवाय तुम्हाला यातली गंमत कळायची नाही. अमेरिकेत माणूस घरात असतानाच गाडीत बसतो. घराच्या पोटातच गाडीची खोली असते. बटण दाबलं की दार वर जातं, गाडी बाहेर पडते, दार खाली येतं. ऑफिसच्या पोटातही तशीच सोय. रस्त्याने माणूस दिसत नाही, काचा दिसतात. बँकेचं काम गाडीतून न उतरता होतं, जेवण खिडकीतून हातात मिळतं. एवढं बसून बसून अंग जड झालं की संध्याकाळी हीच माणसं गाडी काढून व्यायामशाळेत जातात आणि तिथे एका जागी ठोकून बसवलेल्या सायकलवर घाम गाळतात. ती सायकल कुठेही जात नाही. लीलाधरची मात्र खरोखर पुढे जायची. म्हणून सगळ्यांना त्याची कीव यायची.

एकदा पोलिसाने गाडी थांबवून विचारलं, तुमची कार कुठे बंद पडली? साहेबाने एकदा केबिनमध्ये बोलावून हळूच विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? शेजारच्या हॉफमनबाईंनी तर कमाल केली. एका सकाळी दारात खोकं ठेवलं. त्यात उकडलेल्या घेवड्याचे आणि पीच नावाच्या फळाचे डबे, वर एक कार्ड: धीर सोडू नका. लीलाधर खोकं परत करायला गेला, तोवर बाई गाडीतून निघून गेल्या होत्या. रोज जायचा, रोज त्या गेलेल्या असायच्या. शेवटी त्याने पीच खाल्ले.

आणि त्याच्याकडे कार होती, मित्रांनो. चांगली निळी, धुतलेली. पण ती आठवड्याच्या बाजाराला निघायची. ऑफिसला जायचं ते मला डोक्यावर घालून, पट्टा आवळून, आणि निघताना हमखास म्हणायचं, "चाल भो." त्या अख्ख्या गावात अहिराणी कळणारा मी एकटाच. तेव्हा मला वाटायचं, हा माझ्याशी प्रेमाने बोलतो. पुढे कळलं, बोलायला दुसरं कोणी नव्हतं.

चार वर्षांनी थंडीच्या सुट्टीत तो गावी आला. घरच्यांनी मुली पाहून ठेवल्या होत्या. सामान भरताना सवयीने त्याने मलाही बॅगेत टाकलं. इथूनच माझ्या कर्तबगारीला सुरुवात झाली.

पिंपळनेरला दुसऱ्याच दिवशी त्याने चुलतभावाची सायकल काढली, मला डोक्यावर चढवलं आणि सामोड्याच्या रस्त्याने फेरी मारून आला. मी त्याच्या डोक्यावर असल्याने गावाच्या नजरा मला सगळ्यात आधी लागत होत्या. दळणाला निघालेल्या बायका थांबल्या. एका म्हाताऱ्याने विचारलं, "हाई काय शे रे?" लीलाधरने समजावलं की पडलो तर डोकं फुटू नये म्हणून. म्हाताऱ्याने सायकलकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, मग लीलाधरकडे पाहिलं. तो आयुष्यभर सायकलवरून पडत आला होता आणि त्याचं डोकं शाबूत होतं. त्याला काही पटलं नाही. तो फक्त म्हणाला, "जपीसन जाय बेटा."

लीलाधरच्या आई, यशोदाबाई, यांची मात्र झोप उडाली. त्याचं कारण मी नव्हतो, सायकल होती. मुलगा अमेरिकेत गाडीने ऑफिसला जातो, गाडीचं दार आपोआप उघडतं, असं त्यांनी नातेवाइकांत सांगून ठेवलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं, गाडी होती आणि दारही होतं. पण आल्या आल्या लीलाधरने जेवताना सहज सांगून टाकलं की तो रोज सायकलवरच जातो. यशोदाबाईंनी भाकरी तव्यावर तशीच राहू दिली. इथे शाळेतला शिपाईसुद्धा मोपेडवर फिरायला लागला होता. त्यांनी लेकाला ताकीद दिली की ही गोष्ट या घराबाहेर जाता कामा नये. वडील अभिमन नाना बाजेवर पडून हसत होते, तर त्यांनाही दिली.

तुम्हाला ठाऊकच असेल, आपल्याकडे स्थळ जमण्याआधी मुलीकडचा एक जाणता माणूस मुलाच्या गावात गुपचूप चौकशीला जातो. न्हाव्याकडे दाढी करतो, चहाच्या टपरीवर बसतो, गिरणीत डोकावतो. धुळ्याहून आले ते मुलीचे मामा, कौतिक मामा. बैलजोडी बघायला आलोय, असं त्यांनी गावात सांगितलं. कोटाच्या खिशात पेन लावून कोणी बैल बघायला येत नाही, त्यामुळे ते कोण आहेत हे तासाभरात साऱ्या गावाला कळलं होतं. कळलं नव्हतं ते फक्त कौतिक मामांना.

दाढी करता करता न्हाव्याने त्यांना सांगितलं की पोरगा सोन्यासारखा, पण अमेरिकेत सायकलवर ऑफिसला जातो म्हणे. हे न्हाव्याला कुणी सांगितलं, ते मला आजही माहीत नाही. माझा संशय नानांवर आहे. मामा उठून बाहेर आले, तोच समोरून लीलाधर सायकलवर गेला आणि त्याच्या डोक्यावर मी. मामा जागच्या जागी थिजले.

मग ते पाणी मागायच्या निमित्ताने घराच्या ओट्यावर आले. मी खुंटीला होतो. माझ्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, हे पोराच्या डोक्याला कशासाठी? यशोदाबाईंनी ओळखलं की हा धुळ्याचा माणूस. सायकलचं नाव तोंडून निघू द्यायचं नाही, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्यांनी पदर सारखा केला आणि जे सुचलं ते बोलल्या.

"त्याना डोकाले जपनं पडस, भाऊ."

कौतिक मामांनी पाणी अर्धंच प्यायलं आणि धुळ्याची पहिली एसटी गाठली.

धुळ्याला काय घडलं ते मला मागाहून, याच खुंटीवर टांगलेला असताना, तुकड्या-तुकड्यांनी समजलं. मुलीचे वडील चुडामण आबा हे एसटी डेपोतून निवृत्त झालेले तिकीट तपासनीस. जन्मभर त्यांनी उतारूंच्या तोंडाकडे पाहून ओळखलं होतं की याच्याकडे तिकीट नाही. निवृत्तीनंतरही ती नजर उतरली नव्हती. मामांची हकीकत ऐकून त्यांनी दोन्ही पुरावे शेजारी शेजारी ठेवले. अमेरिकेत गाडी असूनही पोरगा सायकल चालवतो. आणि त्याचं डोकं जपावं लागतं. आबा म्हणाले, आमच्या खात्यात ज्या ड्रायव्हरला फिट यायची, त्याच्याकडून गाडी काढून घेत. अमेरिकेतही तेच असणार. लायसन नाही, म्हणून सायकल. रस्त्यात फिट आली तर डोकं फुटू नये, म्हणून टोपलं.

मित्रांनो, या तर्कात एकही कडी सैल नाही. मी स्वतः जर तिथे असतो, तर मलाही पटलं असतं.

मंजुळाबाईंनी, म्हणजे मुलीच्या आईने, स्थळ सोडून द्यायला सांगितलं. पण मुलगी कुंदा अडून बसली. ती देवपुरातल्या एका शाळेत शिकवायची. तिने लीलाधरचा फोटो पाहिला होता, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, त्याने पाठवलेल्या माहितीत 'आवड' या सदरात 'चालणे व गप्पा' असं लिहिलं होतं. बाकी सगळी मुलं तिथे 'क्रिकेट' लिहीत. ती म्हणाली, आजारी असेल तर डोळ्यांनी बघू, न बघता नाही म्हणणार नाही. आबांनी मध्यम मार्ग काढला. पोराला जेवायला बोलवायचं आणि नीट निरखायचं. आणि निरोपात मुद्दाम घातलं की पोराची ती अमेरिकेची टोपीही आणा, आम्हाला बघायची आहे.

यशोदाबाईंना वाटलं, धुळेकरांना टोपी फार आवडली. त्यांनी माझं कापड साबणाने धुतलं.

आबांच्या घरी पोहोचलो तर पाट मांडलेले, ताटाखाली रांगोळी. मला दिवाणखान्यातल्या टेबलावर, पितळी फुलदाणीच्या जागी ठेवलं. येणारा-जाणारा माझ्याकडे बघून नजर खाली घालत होता, जणू मी कुणाच्या एक्स-रेचा फोटो आहे. दारातून मला आतली पाटांची रांग सरळ दिसत होती. लीलाधरच्या उजव्या हाताला कौतिक मामा बसले. त्यांच्या मांडीवर रुमाल होता आणि रुमालात अर्धा चिरलेला कांदा. त्यांच्या पाटामागे कोल्हापुरी चप्पल ठेवलेली होती. मला ते विचित्र वाटलं, कारण बाकी सगळ्यांच्या चपला बाहेर होत्या. फिट आलेल्या माणसाच्या नाकाशी कांदा धरतात आणि तेवढ्याने भागलं नाही तर चामड्याची चप्पल हुंगवतात, ही आपल्याकडची जुनी रीत ओहायोच्या हेल्मेटला कुठून माहीत असणार?

ताटात शेवभाजी वाढली. काळ्या मसाल्याची, वर लाल तर्री, खास धुळ्याची. लीलाधर चार वर्षं उकडलेला घेवडा आणि पीच यांच्यावर जगलेला. तरी आईदेखत कमीपणा नको म्हणून त्याने मोठा घास केला आणि तर्रीत बुडवून गिळला.

घास घशात उतरला तो नको त्या वाटेने. लीलाधरचा चेहरा आधी लाल झाला, मग जांभळा. डोळे फिरले. हात ताठ झाले. तो श्वास घ्यायला बघत होता आणि श्वास येत नव्हता, त्यामुळे सगळं अंग हिसके देत होतं. कौतिक मामा या क्षणाचीच वाट बघत होते. त्यांनी कांदा त्याच्या नाकाला दाबला. त्याने ठसका दुप्पट झाला. मग त्यांनी पाटामागची चप्पल उचलून नाकाशी धरली. मंजुळाबाईंनी कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा त्याच्या मुठीत कोंबला, कारण फिट आली की हातात लोखंड लागतं. आणि चुडामण आबा उठले, दिवाणखान्यातून मला घेऊन धावत आले आणि भरल्या ताटावर बसलेल्या लीलाधरच्या डोक्यावर मला घातलं. उलटं. हनुवटीचा पट्टा कानावरून ओढून त्यांनी नाकाखाली आवळला.

मित्रांनो, मी अपघातासाठीच बनलेला आहे. पण असला अपघात मला बनवणाऱ्यांच्याही डोक्यात आला नसेल.

मग लीलाधरला जोराची शिंक आली, घास सुटला आणि श्वास आत गेला. सगळं शांत झालं. त्या शांततेत अभिमन नाना पाटावरून उठले. हात न धुता उठले. त्यांची नजर मामांच्या हातातल्या चपलेवर होती.

"मना पोऱ्याना नाकले चप्पल लाई तुम्ही?" ते हळू आवाजात म्हणाले. "जेवाले बलाईसन?"

नानांनी आपली गांधी टोपी उचलली आणि यशोदाबाईंना चला म्हणून खूण केली. त्या क्षणी मला स्पष्ट दिसलं की हे लग्न आता होत नाही, आणि याला जबाबदार मी आहे. मी तिथे उलटा बसलो होतो, त्याच्या नाकाखाली पट्टा, आणि मला तोंड असून बोलता येत नव्हतं. तोंड म्हणजे, भोकं.

कौतिक मामा गयावया करू लागले. म्हणाले, नाना, पोराला फिट आली, मग काय करायचं? नानांनी विचारलं, "फिट? कोन म्हने?" मामांनी यशोदाबाईंकडे पाहिलं. "अक्काच बोलन्या. डोकाले जपनं पडस म्हने."

सगळ्या माना यशोदाबाईंकडे वळल्या. त्या बिचाऱ्या पदराच्या टोकाशी चाळा करत उभ्या. मुलगा रोगी ठरू द्यायचा की सायकलवाला? त्यांच्या चेहऱ्यावर हा हिशेब मला दिसला. बराच वेळ लागला त्यांना.

"सायकलवर जास तो हापिसले," त्या शेवटी म्हणाल्या. "पडना ते लागाले नको म्हनीसन घालस ते. मले लाज वाटनी सांगाले."

चुडामण आबा मटकन खाली बसले. पण तिकीट तपासणारा माणूस, एवढ्याने सुटका करेना. त्यांनी लीलाधरलाच विचारलं, "म्हणजे गाडी नाही?"

"आहे, आबा. निळी."

"लायसन?"

"तेही आहे."

"आणि आजार?"

"तुमची भाजी," लीलाधर म्हणाला. डोळ्यांतून अजून पाणी वाहत होतं. "तिखट आहे, पण चांगली आहे."

स्वयंपाकघराच्या दारात कोणीतरी फसकन हसलं. कुंदा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिने तांब्या त्याच्यापुढे ठेवला, मंजुळाबाईंच्या डोळ्यांच्या खुणांकडे लक्ष न देता तिथेच थांबली आणि शाळेत विचारतात तशा आवाजात म्हणाली, "गाडी असताना सायकल का?"

मित्रांनो, हा प्रश्न त्याला पोलिसाने विचारला होता, साहेबाने विचारला होता. प्रत्येक वेळी तो व्यायाम म्हणाला होता. या वेळी त्याने मला आधी डोक्यावरून काढलं, मांडीवर ठेवलं आणि माझ्याकडे बघत बोलला.

"गाडीतून गेलो तर कुणीच दिसत नाही. घरातून गाडीत, गाडीतून ऑफिसात. सायकलवर निदान एक कुत्रा भुंकतो माझ्यावर. एका वळणावर एक आजोबा अंगणात असतात, ते हात करतात. इथे चौकातून गेलो की दहा जण विचारतात, कोठे चालना? तिकडे चार वर्षांत मला कुणी विचारलं नाही, कुठे निघालास म्हणून."

"मी रोज पांझरेच्या पुलावरून सायकलने शाळेत जाते," कुंदा म्हणाली. "अख्खा रस्ता विचारतो. मला त्याचा वैताग येतो."

"तुम्हाला येतो. मला ऐकायचं असतं."

"कधी पडलात?"

"एकदा. बर्फावर. गुडघा फुटला. पण कुणी पाहिलं नाही, ते जास्त लागलं."

कुंदाने तांब्या त्याच्याजवळ आणखी सरकवला. मग आबांकडे वळली. म्हणाली, तिकडे मीही सायकलच चालवीन, आणि रोज संध्याकाळी यांना मीच विचारीन, कुठे गेला होतात. आबांनी डोक्याला हात लावला. अमेरिकेत जाऊनही पोरगी सायकलवरच राहणार, हे त्यांना आजाराइतकंच अवघड वाटत होतं. पण पोरगी बोलून बसली होती, आणि उतारूकडे तिकीट आहे म्हटल्यावर त्याला उतरवता येत नाही.

नाना मात्र अजून उभे होते, टोपी हातात. तेव्हा कौतिक मामांनी वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि ती चप्पल स्वतःच्याच नाकाला लावली. "माले पन फिटच उनी व्हती, नाना." नानांचे खांदे हलायला लागले. आधी वाटलं, रडतायत. मग ते हसत हसत पुन्हा पाटावर बसले आणि म्हणाले, वाढा.

जेवणं झाल्यावर आबांनी मला हातात घेतलं, वाजवलं, उलटसुलट केलं, स्वतःच्या डोक्यावर चढवलं आणि मंजुळाबाईंना सांगितलं की लाटण्याने मारून बघ, लागतं का. मंजुळाबाईंना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. पहिला फटका बसला. आबा म्हणाले, काही लागलं नाही. मंजुळाबाई म्हणाल्या, थांबा, नीट बसला नाही. माझ्या आयुष्यातली ती एकमेव खरी परीक्षा, आणि मी ती उत्तम गुणांनी पास झालो. माझ्या पोटात तेव्हा जी चीर गेली, ती आजही आहे. आत चीर गेली की हेल्मेट निवृत्त, हा आमच्याकडचा नियम. म्हणून लीलाधरने मला तिथेच ठेवलं.

सुपारी त्याच संध्याकाळी फुटली. सुट्टी संपायच्या आत लग्नही लागलं. मला वाटलेलं हायसं कसं सांगू? थर्माकोलच्या छातीवरून दगड उतरला म्हणा. लग्न मोडलं असतं, तर लीलाधर त्या रिकाम्या रस्त्यावर पुन्हा एकटाच गेला असता, आणि मला डोक्यावर घालून "चाल भो" म्हणाला असता, आणि मी काय उत्तर देणार होतो?

तेव्हा मित्रांनो, एवढंच मागणं. डोकं जपा. स्वतःचं जपा, दुसऱ्याचंही जपा. आणि कधी तुमच्या दारी कुणी डोक्यावर काहीतरी विचित्र घालून आला, तर त्याला आधी पाणी द्या, मग बसवा, मग सरळ विचारा, हे काय आहे आणि तू कुठे निघालास. तो खुशीने सांगेल. कांदा त्यानंतर चिरा, आणि चिराल तो जेवणातच वाढा.